मका उभा असेल तर

औरंगपुऱ्यात माझ्या दुकानासमोर भाद्रपदात कणसांचा गाडा लागतो. कोळशावर कणीस तडतडायला लागलं की त्याचा धूर सरळ माझ्या ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यात शिरतो. पहिल्या वर्षी मी त्या गाडेवाल्याशी भांडलो होतो. मालाला वास लागला तर गिऱ्हाईक घेईल का, असं म्हणून त्याला पलीकडं हटवलं होतं. आता मीच त्याला म्हणतो, इथंच लाव. दुपारच्या मंदीत तो वास आला की मी दुकानात राहत नाही. देवगाव रंगारीच्या पुढं, एका डोंगराच्या पायथ्याला, कौसाबाईच्या मक्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. पानांवर पानं घासत असतात, खालून ओल्या मातीची वाफ येत असते, आणि माझ्या हातात नकाशा असतो. तोही चुकीचा.

गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडं आमचा नकाशा आहे त्यांना ते माहीत आहे. बाकीच्यांनी तो घ्यावा.

मी काही डोंगर चढणारा माणूस नव्हे. फुटपाथवर प्लास्टिकचे तुकडे विकायला बसलो तिथून सुरुवात, आणि घासाघीस करत करत पक्क्या दुकानात आलो. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून हर्सूलच्या तलावाकाठी चालायला लागलो. तिथं रविवारी डोंगर भटकणाऱ्यांचा एक गट भेटला. त्यांचे पुढारी भाऊसाहेब, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. उन्हातसुद्धा शर्टाची इस्त्री न मोडणारा माणूस. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "डोंगराचे बूट आहेत का तुमच्याकडं?" मी म्हटलं, "आहेत. कितीला मागता?" ते हसले नाहीत. घरी बायको मात्र हसली. म्हणाली, "जन्मभर डोक्यावर गठ्ठे वाहिले, ते कुणी व्यायामात धरलं नाही. आता बूट घालून चढायचं म्हणे."

चढलो. भाद्रपदातला आमच्याकडचा डोंगर ज्यांनी बघितला नाही त्यांना कसा सांगू. वर्षातले आठ महिने जो उघडा, करपलेला, पाठीवर वण असलेल्या बैलासारखा दिसतो, तोच या दिवसांत ओळख दाखवत नाही. उतारावर तेरडा गुलाबी होतो. तरवडाला पिवळा बहर येतो. सीताफळाच्या झुडपांवर बारकी हिरवी फळं डोळे मिटून बसलेली असतात. अर्ध्या चढावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. कुणी खोदलं माहीत नाही, पाणी मात्र असं गार की ओंजळ तोंडाशी नेताना दात आधीच शिवशिवतात. टाक्याच्या वर खिंड, आणि खिंडीत वारा. बोललेलं तोंडातच राहतं. माझ्यासारख्या सतत बोलून पोट भरणाऱ्या माणसाला गप्प करणारी ती एकच जागा मला आजवर सापडली.

अडचण एवढीच की टाक्यापाशी वाट फुटते. एक वर खिंडीत जाते. दुसरी गुरांची, ती कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते, आणि दिसायला तीच जास्त मळलेली. शहरातून येणारी माणसं हमखास तिकडं वळायची. एकदा एक जोडपं कड्यावर बसून रडत असलेलं आम्हाला सापडलं. ती बाई नवऱ्याला म्हणत होती, "तुम्हाला मोंढ्यातसुद्धा रस्ता सापडत नाही, इथं कशाला पुढं झालात?" त्या दिवशी उतरताना भाऊसाहेब म्हणाले, या वाटेचा नकाशा करायचा.

चैत्रात केला. आमच्यात रेश्मा म्हणून एक मुलगी आहे, आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. तिनं मोबाईलवर काहीतरी चालू केलं आणि म्हणाली, "काका, आपण नुसतं चालायचं. रेघ आपोआप निघते." चैत्रात रान मोकळं असतं. पीक घरात गेलेलं, कुणाची गुरं कुणाच्याही वावरात चरतात, माणूस कुठूनही कुठंही जातो आणि कुणी कुणाला अडवत नाही. ती जुनी रीत आहे. आम्ही सडकेवर उभं राहून डोंगर नजरेत धरला आणि ढेकळांतून सरळ चालत गेलो. मोबाईल आमच्यामागं रेघ ओढत आला. भाऊसाहेबांना ती रेघ फार आवडली. "बघा, कशी ओळंब्यासारखी सरळ आहे," असं ते आल्यागेल्याला दाखवायचे.

छपाईच्या वेळी मी कामाला आलो. साधा कागद डोंगरावर पहिल्याच सरीत लगदा होणार हे मला पावसावर धंदा करून कळतं. न भिजणारा, न फाटणारा कागद मी शोधला, आणि छापखानावाल्याशी असा भांडलो की शेवटी तो म्हणाला, "शेठ, घेऊन जा, पण परत येऊ नका." परत गेलो, ते पुढं येईलच.

त्याच भाद्रपदात आमचा नकाशा घेऊन शहरातला एक जथा आला. सडकेवर उतरले. हातातल्या नकाशात सरळ रेघ, समोर डोक्याच्या वर गेलेला मका. कुणीही थांबून विचार केला असता. पण रेघ मक्यातून जात होती, म्हणून ते मक्यातून गेले. कणसं दाण्यावर आलेली. ताटं मोडत, एकमेकांना हाका मारत ते पलीकडं निघाले, आणि पलीकडं कौसाबाई उभी होती.

तिनं त्यांच्या हातातला नकाशा काढून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या रानाच्या चारी बाजूंना बाभळीच्या काट्या लावल्या. बांध बंद, नाला बंद, गाडीवाट बंद. सडक आणि डोंगर यांच्यामध्ये तिचंच रान पसरलेलं. म्हणजे डोंगरच बंद झाला.

"तुम्हीच जा," भाऊसाहेब मला म्हणाले. घासाघीस करायची म्हटलं की सगळ्यांना मी आठवतो.

ती लिंबाखाली खाटेवर बसून शेंगा निवडत होती. साठीच्या पुढची, कपाळाला पदर बांधलेला. मुलगा वाळूजला कंपनीत, रान ही एकटी बघते, एवढं मी गावात विचारून आलो होतो.

"कोण तुमी?"

"औरंगपुऱ्यातनं आलो. ताडपत्रीचं दुकान आहे."

"मला नाय पायजे ताडपत्री."

"विकायला नाही आलो, कौसाबाई. वाट मागायला आलोय."

तिनं शेंगांच्या सुपाखालून आमचा नकाशा काढला आणि माझ्यासमोर धरला. "ही रेघ कुणी मारली? माझ्या सासऱ्यानं नाय मारली. तलाठ्यानं नाय मारली. तुमी कोण माझ्या रानात रेघ मारणारे?"

मी म्हटलं, "चैत्रात आलो होतो. रान मोकळं होतं."

"जेवण झाल्यावर ताटबी मोकळं असतंय. म्हणून भरल्या ताटात पाय देऊन जाताल का?"

मी भडक डोक्याचा माणूस आहे. कुणी असं बोललं की माझे कान तापतात आणि तोंड पुढं धावतं. पण तेव्हा मला आई आठवली. आम्ही बौद्ध. बापाच्या नावावर कुठं बांध नव्हता. आई लोकांच्या रानात कामाला जायची, मागून मी. बांधावरून चालताना ती सारखी सांगायची, "पायाखाली बघ, बाबा. ताट मोडलं तर बोल ऐकावा लागतो." आणि पावसाळ्यात ती मला विहारात न्यायची. वर्षावास सुरू असायचा. तिथं दरवर्षी सांगायचे की या महिन्यांत भिक्खू गावोगाव हिंडत नाहीत, एका जागी राहतात, कारण चालणाऱ्याचा पाय कोवळ्या पिकावर पडतो, किड्यामुंगीवर पडतो. लहानपणापासून कान भरून ऐकलेली गोष्ट. आमच्या नकाशात मात्र ती कुठं आलीच नव्हती. त्याला ऋतूच नव्हता.

मग सौदा सुरू झाला. मी बांध मागितला. ती म्हणाली, बांधाला तूर आहे. मी म्हटलं, एकामागं एक चालू. ती म्हणाली, "तुमची लोकं? ती तर हात धरून चालतात." मी नाला मागितला. नाला रानाला वळसा घालून जातो, लांब पडतो, दगडगोट्यांचा. ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. दोन दुकानदार समोरासमोर बसावेत तसे आम्ही बसलो होतो, आणि मध्ये सुपातल्या शेंगा फुटल्याचा आवाज.

"नाल्यानं जावा," ती शेवटी म्हणाली.

"आणि नाल्याला पाणी असलं तर?"

"तर घरी बसा. डोंगर कुठं पळून चाललाय?"

"आणि मका निघाल्यावर सरळ जाऊ द्याल?"

"ते माझ्या हातात हाय का? रान मोकळं झालं की कुणीबी जातंय. रीतच हाय." एक शेंग तोंडात टाकून ती म्हणाली, "माझी हीर मात्र त्याच्यात दाखवू नका. पवायला येतील."

मला ताडपत्री भेट द्यायची होती. गंजीवर घालायला चांगली जाड. ती म्हणाली, "फुकट नको. लागली तर दुकानात यीन. तवा नीट भाव लावा."

नवा नकाशा काढायला बसलो तेव्हा मोठं भांडण झालं. भाऊसाहेबांना दोन रेघांना महिने लिहायचे होते, अमुकपासून अमुकपर्यंत ही, पुढं ती. मी म्हटलं, पेरणी लांबली तर? आवाज चढले. चहावाल्यानं आमचे कप अर्धे असतानाच उचलले. रेश्मा बराच वेळ ऐकत होती, मग तिनं टेबलावर बोटानं चहाचा थेंब ओढत म्हटलं, "महिना कशाला लिहायचा? शेत समोरच दिसतंय की." आणि तिनं लिहिलं: मका उभा असेल तर हिरवी रेघ, रान मोकळं असेल तर तपकिरी. भाऊसाहेब वाचून म्हणाले, "हे माझ्या आधी सुचायला हवं होतं." असं म्हणणारी माणसं थोडी असतात. मी त्यांच्यावर कितीही रागावलो तरी हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

कारण राग आहेच. त्या नकाशाच्या प्रकाशनाला हॉल घेतला होता. मी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. बायकोलाही आणलेलं. नकाशा उलटा केला तर मागं आभार. भाऊसाहेबांचं नाव, रेश्माचं नाव, माईकवाल्याचंसुद्धा नाव. आणि शेवटी, "आणि इतर". मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. कागद मी आणला, वाट मी आणली, आणि मी इतर. बायको कुजबुजली, "खाऊन तरी चला." मी उठलो तो थेट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला. "चुकून राहिलं हो."

"चुकून दरवेळी माझंच कसं राहतं?" मी म्हटलं. त्यांना वाटलं असेल, मी नकाशाबद्दलच बोलतोय.

पुन्हा येणार नाही असं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी गेलो. साखरेला मान-अपमान कळत नाही.

कौसाबाई मात्र खरंच दुकानात आली. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, गर्दीच्या दिवसांत, तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना तिनं प्रत्येक ताडपत्री उघडायला लावली, शिवण ओढून बघितली, उजेडाला धरून भोकं शोधली. मी सांगितलेल्या भावाला ती हसली. मी चिडलो. ती म्हणाली, "वाट मागताना लई गोड बोलत व्हता. आता काय झालं?" गिऱ्हाइकं हसली. तिनं म्हटलेल्या भावात तिला ताडपत्री गेली. औरंगपुऱ्यात हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही.

मधली वर्षं बरी गेली. हिरवी रेघ, तपकिरी रेघ. माणसं येत राहिली. टाक्यापाशी रेश्मानं दगडावर खूण केली, कड्याकडं कुणी वळेनासं झालं. नकाशात आम्ही दरवर्षी काहीतरी दुरुस्त करत राहिलो. कोसळलेली दरड, पडलेलं झाड, पाऊस थांबल्यावरही वाहणारा झरा. छापखानावाला मला लांबून बघून शटर अर्धं ओढतो.

यंदा पोळ्यानंतर कौसाबाईचा फोन आला. ती फोनवर, पलीकडच्या डोंगरावर कुणी उभं असावं तशी बोलते. "ताडपत्रीवाले, औंदा मका नाय. अद्रक लावलीय. आन नाला यंत्रानं खोल केलाय, तुमची रेघ गेली. यून बघून जावा." आणि फोन बंद.

अद्रक म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. मातीचे उंच बेड पाडायचे, पाण्याच्या नळ्या अंथरायच्या, वरून पाला घालायचा आणि घरच्या लेकरासारखं जपायचं. मक्यासारखी ती चार महिन्यांत निघत नाही, चैत्रातही जमिनीत असू शकते. म्हणजे रान मोकळं होण्याचा भरवसा नाही. नाला खणला म्हणजे हिरवी रेघ गेली, अद्रक लावली म्हणजे तपकिरीही गेली. वरचं टाकं, खिंड, वारा तिथंच राहणार, आणि आमचा नकाशा म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र. त्या दिवशी दुकानात मी तीन गिऱ्हाइकांवर ओरडलो.

भाऊसाहेबांच्या गाडीतून निघालो, मागच्या सीटवर रेश्मा. वाटेत मी मनात सौदा मांडत होतो. आधी तिच्या लेकाचं विचारायचं. मग अद्रकीचं कौतुक. मग गप्प बसायचं. गप्प बसण्यासारखं हत्यार नाही. तिनं काट्यांचं नाव काढलं तर वर्गणी काढून कुंपण घालून देतो म्हणायचं. तेही नाही म्हणाली तर काय, ते काही सुचत नव्हतं. भाऊसाहेब एकदा म्हणाले, "मी काही बोलू का तिथं?" मी म्हटलं, "नका."

सडकेच्या कडेला ती उभी होती. हातात खुरपं. तिनं खुरप्यानं बांधाकडं दाखवलं.

बांधाला लागून, सडकेपासून थेट डोंगराच्या उतारापर्यंत, एक बेड मोकळा होता. पाडलेला होता, माती वर ओढलेली होती, पण त्यात अद्रक नव्हती. नळी अंथरलेली नव्हती. वरची माती पायांनी दाबून बसवलेली. शेजारच्या बेडावर अद्रकीची पानं गुडघ्याला आलेली, अंगावर दव धरून उभी, आणि ही एवढी पट्टी तांबूस, रिकामी.

"हे काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? वाट हाय."

"अहो, पण बेड पाडलेला दिसतोय."

"पाडला व्हता. मंग ध्येनात आलं, नाला तर खणला, मंग ही माणसं जाणार कुठनं? अद्रकीतनंच जाणार. तुमच्या माणसाला रेघ दिसली की डोळे मिटून चालतंय." मग माझ्याकडं बघून ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाय सोडला. माझी अद्रक वाचावी म्हणून सोडला."

मी मान हलवली. पण मी दुकानदार आहे. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बेडातून काय निघतं ते मला न मोजता कळतं. अद्रक वाचवायची तर पहिल्यासारख्या काट्या लावता आल्या असत्या. काट्या फुकट मिळतात.

"बोला, काय बोलायचं व्हतं?" ती म्हणाली.

मांडलेला सगळा सौदा माझ्या तोंडात तसाच होता, आणि घ्यायला समोर कुणी नव्हतं. आजवर मी जे मिळवलं ते दुसऱ्याच्या मुठीतून एकेक बोट सोडवून. भाड्याची जागा, उधारीचा पहिला गठ्ठा, मुलांचे प्रवेश, सगळं. न मागता पुढं आलेली गोष्ट कशी घ्यायची असते, हात उपडा करायचा की उताणा, हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "कौसाबाई, आमच्याकडनं काही..."

"काय बी नको. ताडपत्रीचा भाव तेवढा कमी करा. लई लावता."

रेश्मानं मोबाईल काढला. "मावशी, यावेळी नकाशावर तुमचं नाव टाकायचं आहे. पूर्ण नाव सांगा."

"नगं."

"का हो?"

"नाव टाकलं की माणसं दारात येत्यात. पाणी दे, चहा दे, फोटू काढ. मला निंदायचं असतंय."

"मग 'आणि इतर'मध्ये धरू?" रेश्मा सहज बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. भाऊसाहेब खाकरले, डोंगराकडं बघायला लागले.

"इतर म्हंजे कोण?" कौसाबाईनं विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे मी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंग चालतंय," ती म्हणाली आणि खाली बसून निंदायला लागली.

आम्ही त्या बेडावर चढलो. एकामागं एक, कुणी हात धरले नाहीत. पुढं रेश्मा, मोबाईल समोर धरून, मध्ये भाऊसाहेब, शेवटी मी. मऊ माती बुटाखाली किंचित दबायची आणि अद्रकीचा उग्र, गोडसर वास यायचा. मी पायाखाली बघत होतो. सवयच आहे. मध्येच भाऊसाहेब मागं न वळता म्हणाले, "तुमचं नाव मात्र या खेपेला पहिलं टाकणार. मी स्वतः तपासणार." माझा राग गेला असं कुणी समजू नये. तो मी कमावलेला आहे, इतक्या स्वस्तात सोडणार नाही. पण मी म्हटलं, "राहू द्या. 'आणि इतर' तसंच छापा. आता त्यात आम्ही दोघं आहोत."

उताराच्या तोंडाशी, जिथं तेरडा सुरू होतो, तिथं थांबून मी मागं बघितलं. हिरव्याच्या कडेनं तांबूस पट्टी, तिच्यावर आमची पावलं, आणि पार त्या टोकाला वाकलेली कौसाबाई. तिनं मान वर केली नाही. मी तिचे आभार मानले नव्हते. मानले असते तर तिनं त्यातही घासाघीस केली असती. म्हणून ते इथं लिहून ठेवले.